बाहा कॅलिफोर्नियाच्या आडवाटेने आरव्ही घेऊन जाताना

पहिल्या सहलीत आम्ही एक चूक केली, ती आधी सांगते, कारण या लेखातला निम्मा सल्ला तिच्यातूनच आला आहे. मेक्सिकोतल्या सांता रोसालिया गावाहून मुलेहे गावाला निघायला उशीर झाला. अंतर जेमतेम 60 किलोमीटर, म्हणून निघालो. सूर्य बुडाला आणि वीस मिनिटांत मिट्ट काळोख झाला. एका वळणानंतर दिव्यांच्या उजेडात रस्त्याच्या मधोमध काळ्या गाईची पाठ दिसली. दिवसभर तापलेल्या डांबरावर ऊब घेत ती निवांत बसली होती. गाडी थांबली, गाय वाचली, आम्हीही वाचलो. मागे बसलेले आई-बाबा कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे: मेक्सिकोच्या ग्रामीण भागात दुपारी तीननंतर आरव्ही, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, मुक्कामी उभी असली पाहिजे. डिझेल कुठे भरायचं, पाणी किती घ्यायचं, रोज किती अंतर कापायचं, हे सगळं या एका नियमावरून ठरतं.

हा लेख मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाबद्दल आहे. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्निया-ॲरिझोनाकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आरव्हीने ग्रामीण मेक्सिको बघायचा असेल, तर पहिल्यांदा इथेच जावं असं माझं ठाम मत आहे. एकच मुख्य रस्ता, फेडरल हायवे 1, तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंत सुमारे 1,700 किलोमीटर जातो. तो 1973 साली पूर्ण झाला. त्याआधी द्वीपकल्पाच्या मधल्या भागात खडकाळ कच्ची वाटच होती, आणि आजही त्या पट्ट्यात वस्ती अगदी विरळ आहे. दुसरी सोय म्हणजे द्वीपकल्पात परदेशी गाडीला तात्पुरत्या आयातीचा परवाना लागत नाही. ला पासहून फेरीबोटीने मुख्य भूमीवर जायचं असेल तरच तो लागतो.

कागदपत्रं: निघण्याच्या दोन महिने आधी

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोला व्हिसा लागतो. पण तुमच्याकडे ग्रीन कार्ड किंवा पासपोर्टवर वैध अमेरिकी व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही. भारतातून बी-2, म्हणजे पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-वडिलांनाही हे लागू आहे.

गोंधळ होतो तो एच-1बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांचा. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असतो, पण आय-94, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद, आणि नोकरीची मंजुरी चालू असते. अशा वेळी 30 दिवसांच्या आत मेक्सिकोहून परत आल्यास अमेरिकेत शिरता येतं, अशी सोय आहे. मात्र मेक्सिकोत असताना नव्या अमेरिकी व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. बरेच जण हे ऐकून निर्धास्त होतात आणि दुसरी बाजू विसरतात: शिक्का संपला म्हणजे मेक्सिकोची सवलतही संपली, त्यामुळे जाताना मेक्सिकन व्हिसा लागतोच. नियम बदलत असतात, म्हणून जवळच्या मेक्सिकन वकिलातीची माहिती स्वतः वाचून घ्या. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या निरोपावर जाऊ नका.

प्रत्येकाला प्रवेशाचा पर्यटक परवाना घ्यावा लागतो, त्याला एफएमएम म्हणतात. जमिनीवरून जाताना सात दिवसांपर्यंत तो मोफत असतो, त्याहून जास्त दिवसांसाठी शुल्क आहे. सीमेवर तुम्हाला कुणी अडवून हा परवाना देणार नाही. गाडी बाजूला लावून स्थलांतर कार्यालय शोधायचं, सगळ्यांनी पासपोर्ट घेऊन आत जायचं आणि शिक्का मारून घ्यायचा. गर्दीच्या रेट्यात लोक सरळ पुढे निघून जातात आणि मग दक्षिणेतल्या तपासणीत अडचणीत येतात. परतायच्या तारखेपेक्षा तीन-चार दिवस जास्तीचे मागून घ्या.

गाडीचा विमा हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. तुमची अमेरिकी पॉलिसी कितीही मोठी असली, तरी मेक्सिकोत दुसऱ्याच्या नुकसानभरपाईसाठी मेक्सिकन कंपनीचाच विमा ग्राह्य धरतात. तो ऑनलाइन, नेमक्या तारखांचा काढता येतो. पॉलिसीत वकिलाची मदत आणि जामिनाची तरतूद आहे ना, ते बघा. मोठ्या अपघातानंतर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला थांबवून ठेवू शकतात, आणि तेव्हा हीच तरतूद कामी येते. मागे छोटी गाडी ओढत असाल तर तिचाही विमा हवा.

आरव्ही भाड्याची असेल तर आधी मालकाची लेखी परवानगी घ्या. अमेरिकेतल्या बहुतेक भाडे कंपन्या मेक्सिकोत गाडी न्यायला मनाई करतात. करारातलं ते कलम वाचल्याशिवाय एक डॉलरही भरू नका.

आई-बाबांसाठी भारतातून काढलेल्या आरोग्य विम्यात बऱ्याचदा फक्त अमेरिका धरलेली असते. मेक्सिको त्यात आहे का, ते विचारून घ्या. औषधांच्या पिशवीतून स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या काढून टाका, मेक्सिकोत त्यांवर बंदी आहे. आणि गाडीत बंदुकीची एक गोळीसुद्धा राहता कामा नये. अमेरिकेत विकत घेतलेल्या जुन्या आरव्हीचे सगळे खण उघडून बघा. आधीच्या मालकाची विसरलेली काडतुसं तुम्हाला तुरुंगात पोहोचवू शकतात.

गाडी कशी असावी

25 फुटांच्या आतली. यावर मी तडजोड करणार नाही. हायवे 1 वर कित्येक ठिकाणी लेन जेमतेम तीन मीटरची आहे, बाजूला साइडपट्टी नाही, आणि डांबर संपतं तिथे थेट हात-दीड हात खोल कड असते. समोरून मालट्रक येतो तेव्हा दोन्ही गाड्यांच्या आरशांमध्ये फार थोडी जागा उरते. अशा वेळी वेग कमी करायचा आणि नजर उजव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची. ट्रककडे बघत राहिलात तर हात नकळत तिकडेच वळतात.

निघण्यापूर्वी टायरचं वय तपासा. आरव्हीचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. त्यांच्या कडेवर बनावटीचा आठवडा आणि वर्ष कोरलेलं असतं. बऱ्याच नव्या आरव्हींना जादा टायर दिलेलाच नसतो, तर तो विकत घ्या. जॅक तुमच्या गाडीचं वजन पेलतो का, हे घराच्या अंगणात एकदा करून बघा. वाटेत प्रत्येक गावात ‘यांतेरा’ म्हणजे पंक्चरवाला भेटतो. आपल्याकडच्यासारखाच रस्त्याकडेला टायर टांगून ठेवलेला असतो, त्यावरून ओळखायचं. बहुतेक जण हुशार आणि वाजवी पैसे घेणारे असतात. पण तुमच्या मापाचा टायर त्यांच्याकडे असेलच असं नाही.

विजेचा दाब जवळपास अमेरिकेसारखाच, 127 व्होल्ट. मात्र छोट्या आरव्ही पार्कमधल्या जोडण्या भरवशाच्या नसतात. वायर उलट जोडलेली असते, किंवा संध्याकाळी सगळ्यांनी एसी लावला की दाब घसरतो. दाब मोजणारं आणि जास्त-कमी झाल्यास वीज तोडणारं उपकरण आधी लावा, मग आरव्हीची वायर.

सीमा आणि पहिला दिवस

मी तिहुआनाजवळच्या सान इसिद्रो सीमानाक्याऐवजी तेकातेने जाते. गाव छोटं, गर्दी कमी, आणि पुढे हायवे 3 ग्वादालूपे खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांमधून एन्सेनादाला उतरतो. तेकातेची सीमा रात्री बंद असते, त्यामुळे सकाळीच पोहोचा. सीमेवर जकातीचा दिवा हिरवा लागला तर पुढे, लाल लागला तर तपासणी. तपासणीत शिपाई आत चढून कपाटं बघतात. ताजी फळं, भाज्या, अंडी, कच्चं मांस बरोबर नसेल तर दहा मिनिटांत सुटका होते. डाळ-तांदूळ, पोहे, मसाले मूळ सीलबंद पाकिटातच ठेवा. डब्यात ओतलेली हळद कुणाला तरी समजावून सांगत बसावं लागतं.

एन्सेनादात तीन कामं: पेसो, म्हणजे मेक्सिकोचं चलन काढणं, किराणा भरणं, मोबाइलमध्ये नकाशे उतरवून घेणं. दक्षिणेकडची बरीच दुकानं आणि समुद्रकाठचे मुक्काम फक्त रोख घेतात, तेही सुट्टे.

इंधन, पाणी, गॅस आणि मैल्याची टाकी

एन्सेनादाहून सान किन्तीन साधारण 190 किलोमीटर. हा स्ट्रॉबेरी आणि टोमॅटोचा पट्टा. शेडनेटखालच्या शेतांत राबणारे बरेचसे मजूर ओआहाकासारख्या दूरच्या राज्यांतून आलेले, मिश्तेकोसारख्या आपल्या भाषा बोलणारे आहेत. वस्त्यांमधून हळू जा. ऊसतोडीच्या हंगामातल्या आपल्या रस्त्यांसारखीच इथे सकाळ-संध्याकाळ माणसं पायी चाललेली असतात.

तिथून 60 किलोमीटरवर एल रोसारिओ. इथे टाकी काठोकाठ भरायची, अर्धी भरलेली असली तरीही! यानंतर सुमारे 300 किलोमीटर भरवशाचा पंप नाही. काताविन्यात लोक पिंपातून पेट्रोल विकतात, आणि अडलेल्याला तो आधार आहे, पण त्यावर आखणी करू नका. आरव्ही चढावर आणि वाऱ्याविरुद्ध नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इंधन पिते.

पंपावर माणूस भरून देतो. हिरवी नळी साध्या पेट्रोलची, तिला ‘माग्ना’ म्हणतात, लाल ‘प्रीमियम’, काळी डिझेलची. अमेरिकेत हिरवी नळी बहुधा डिझेलची असते, त्यामुळे डिझेल गाडीवाल्यांनी खाली उतरून स्वतः बघावं. ‘येनो दे माग्ना, पोर फावोर’ म्हणजे माग्नाने टाकी भरा. मीटर शून्यावर आहे हे बघा, आणि काच पुसून दिली तर थोडे पेसो द्या.

पिण्याचं पाणी नळाचं नको. प्रत्येक गावात ‘आग्वा पुरिफिकादा’ लिहिलेलं शुद्ध पाण्याचं दुकान असतं, तिथे सुमारे वीस लिटरचा जार भरून मिळतो. त्याला ‘गार्राफोन’ म्हणतात. आम्ही आरव्हीच्या टाकीतलं पाणी फक्त धुण्या-अंघोळीला वापरतो आणि स्वयंपाकाला दोन जार ठेवतो. चार माणसांना ते पाच-सहा दिवस पुरतात.

स्वयंपाकाचा गॅस गावाबाहेरच्या ‘गास एल-पे’च्या प्लांटवर भरून मिळतो. रविवारी तिथे जाण्याचा भरवसा धरू नका.

मैल्याची टाकी रिकामी करायची सोय फक्त मोजक्या आरव्ही पार्कमध्ये आहे. म्हणून दर तीन-चार रात्रींनंतर एक रात्र पार्कमध्ये काढायची, टाकी रिकामी करून, पाणी भरून पुढे जायचं. झुडपांमागे नळी सोडणारे लोक मी पाहिले आहेत. ज्या गावाला पिण्याचं पाणी विकत घ्यावं लागतं, त्याच्या वाळूत आपली घाण सोडणं हे पाप आहे.

रस्त्याची भाषा

‘तोपे’ म्हणजे गतिरोधक. पाटी असते किंवा नसते, रंग उडालेला असतो. गाव लागलं की वेग वीसवर आणा. ‘वादो’ म्हणजे रस्त्यालाच दिलेला खोलगट उतार, ज्यातून पावसाचं पाणी वाहून जातं. आरव्हीची शेपटी लांब असल्यामुळे वादोतून बाहेर पडताना मागचा भाग घासतो, म्हणून अगदी हळू जा. वादोत पाणी वाहत असेल तर थांबा, कितीही उथळ वाटलं तरी. वाळवंटातलं पाणी लवकर ओसरतं.

पुढचा ट्रक डावा दिवा लावतो तेव्हा ‘रस्ता मोकळा आहे, पुढे जा’ असं सांगत असतो. पण तो स्वतः डावीकडे वळणार असेल तरीही तोच दिवा लागतो. पुढे गल्ली, शेताची वाट किंवा टपरी दिसत असेल तर जाऊ नका. तुम्हाला स्वतःला डावीकडे वळायचं असेल तेव्हा मागच्याचा असाच गैरसमज होऊ शकतो. उजवीकडे जागा मिळेल तिथे थांबून, दोन्हीकडचा रस्ता मोकळा झाल्यावर वळणं सुरक्षित.

लष्कराच्या चौक्या तीन-चार तरी लागतात. तरुण सैनिक कुठून आलात, कुठे चाललात विचारतात, कधी आत चढून बघतात. काळा चष्मा काढा, इंजिन बंद करा, एक मोठा माणूस त्यांच्याबरोबर आत उभा राहू दे. आमच्या आईने एकदा अशा दोघांना पाणी आणि चिक्की दिली होती. त्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग घेतली.

गाडी बंद पडली तर 078. ‘आंहेलेस वेर्देस’, म्हणजे हिरवे देवदूत, ही पर्यटन खात्याची मदतपथकं हिरव्या गाड्यांमधून महामार्गांवर फिरतात. मदत मोफत, सुट्ट्या भागांचे आणि इंधनाचे पैसे द्यायचे. तातडीसाठी 911. एल रोसारिओ आणि गेरेरो नेग्रोच्या मध्ये बराच वेळ मोबाइलला रेंज नसते, तेव्हा घरच्यांना आधीच कळवून ठेवा.

सोळा दिवसांची आखणी

नोव्हेंबर ते एप्रिल हा हंगाम. उन्हाळ्यात आरव्ही म्हणजे भट्टी, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर चक्रीवादळांचे महिने. सप्टेंबर 2014 मधल्या ओदिल वादळाने दक्षिण टोकाची दैना केली होती. मला फेब्रुवारीचा शेवट आवडतो, कारण तेव्हा देवमासे असतात.

पहिली रात्र एन्सेनादाजवळ, दुसरी सान किन्तीनला, तिसरी काताविन्यात. एल रोसारिओ ते काताविन्या फक्त 120 किलोमीटर आहे, आणि लोक ते एका दमात ओलांडून जातात. तसं करू नका. घराएवढ्या गुळगुळीत शिळा, त्यांच्यामध्ये ‘कार्दोन’ हे जगातलं सर्वांत मोठं निवडुंग, आणि उलट्या गाजरासारखे वर निमुळते होत गेलेले ‘सिरिओ’ वृक्ष. दुपारी दोनला पोहोचलात तर जवळच्या टेकडीवरच्या छोट्या गुहेतली जुनी रंगीत चित्रं बघून होतात. रात्री दिवे बंद करून बाहेर खुर्च्या टाका. बाबांनी तिथे मला मृगनक्षत्र दाखवलं, लहानपणी कराडच्या गच्चीवर दाखवलं होतं तसंच.

चौथ्या दिवशी 235 किलोमीटर, या सहलीतला सर्वांत लांब पल्ला. पहाटे उठा. गेरेरो नेग्रोच्या वेशीवर 28 वं अक्षवृत्त आणि राज्याची हद्द आहे. इथे फळं तपासतात, गाडीच्या खालून औषध फवारतात आणि त्याचे थोडे पेसो घेतात. हिवाळ्यात इथे घड्याळ एक तास पुढे करावं लागतं, म्हणजे तीनचा नियम पाळायचा तर एक तास कमी मिळतो. उन्हाळ्यात दोन्हीकडची वेळ सारखीच असते.

गेरेरो नेग्रो हे मिठाचं गाव. जगातल्या सर्वांत मोठ्या मिठागरांपैकी एक इथे आहे. पण दोन रात्री राहायचं ते ओहो दे लिएब्रे खाडीसाठी. उत्तर ध्रुवाकडच्या थंड समुद्रातून हजारो किलोमीटर पोहत करडे देवमासे इथे विणीसाठी येतात. परवानाधारक नावाड्याची ‘पांगा’ नावाची उघडी होडी घ्या. इंजिन मंद करून होडी थांबते, आणि मनात आलं तर मादी पिल्लाला घेऊन स्वतःहून होडीपाशी येते. आईने हात पुढे केला होता. तिच्या तळव्याला जे लागलं त्याचं वर्णन तिने ‘उकडलेल्या अंड्यासारखं’ असं केलं, आणि मला आजवर त्याहून नेमकं काही सुचलेलं नाही. सकाळची फेरी घ्या, दुपारी वारा सुटतो. गरम कपडे आणि उलटीची गोळी विसरू नका.

तिथून पुढच्या मुक्कामाचं सान इग्नासिओ 145 किलोमीटर. वाळवंटात अचानक खजुरांची राई, त्यात दगडी मिशन चर्च आणि समोर डेरेदार झाडांचा चौक. पुढे सांता रोसालियाला उतरणारा घाट अवघड आहे. खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. सांता रोसालिया हे 1885 मध्ये फ्रेंच तांबे कंपनीने वसवलेलं गाव, म्हणून घरं लाकडी, चर्च लोखंडी आणि बेकरीतला पाव वेगळाच. मुख्य गल्ल्या अरुंद आहेत, आरव्ही बंदरापाशी लावून चालत जा.

मुलेहेनंतर बाहिया कोन्सेप्सिओन. सान्तिस्पाक, एल कोयोते, एल रेकेसोन या किनाऱ्यांवर पाण्यापासून दहा पावलांवर आरव्ही लावता येते. वीज नाही, नळ नाही, ताडपानांच्या ‘पालापा’ची सावली आहे. संध्याकाळी कुणीतरी येऊन रात्रीचे पैसे घेऊन जातं, फेरीवाले भाजी आणि तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले पदार्थ, विकायला येतात. गाडी वाळूत घालण्यापूर्वी उतरून चालत जा. टाच रुतली तर चाक नक्की रुतेल. इथे चार रात्री ठेवा, आणि मध्ये एक दिवस लोरेतोला जाऊन या, 1697 साली स्थापन झालेलं कॅलिफोर्नियांमधलं पहिलं मिशन बघायला. उरलेले दिवस परतीचे, त्याच रस्त्याने, तेवढ्याच छोट्या पल्ल्यांचे.

शाकाहारी असाल तर

उपाशी राहणार नाही, पण विचारावं लागेल. घोटलेल्या घेवड्यात, म्हणजे ‘फ्रिहोलेस’मध्ये, बऱ्याचदा डुकराची चरबी असते. ‘त्येने मान्तेका?’ असं विचारा. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. ‘सिन कार्ने’ म्हटलं की फक्त मटण-बीफ वगळतात, म्हणून ‘नी पोयो, नी पेस्कादो’ हेही जोडा, म्हणजे कोंबडी नको आणि मासेही नकोत. केसादिया, म्हणजे चीज घालून दुमडलेली तोर्तिया (मेक्सिकन पोळी), आणि निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी बहुतेक ठिकाणी चालते.

पण खरं जेवण ‘तोर्तियेरिया’त, म्हणजे तोर्तियाच्या दुकानात. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात भिजवून दळलेल्या पिठाच्या गरम तोर्तिया किलोवर मिळतात. आई घरचं सुती फडकं घेऊन रांगेत उभी राहायची, भाकरी गुंडाळतात तशी थप्पी गुंडाळून आणायची. उत्तर बाहात गव्हाच्या तोर्तियाही मिळतात, त्या मैद्याच्या असतात आणि त्यांतही चरबी असू शकते. खलात कुटलेली मिरची-टोमॅटोची साल्सा आणि आमचा ठेचा शेजारी ठेवून आम्ही रोज जेवलो. मिरची तर मूळची इकडचीच, पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली.

परतताना

एन्सेनादाजवळ शेवटची रात्र काढा आणि उजाडता निघा. उरलेली फळं, भाज्या, अंडी, डुकराच्या मांसाचे पदार्थ आदल्या रात्री संपवा किंवा देऊन टाका. अमेरिकेच्या सीमेवर काय आहे ते विचारतात, तेव्हा सगळं खरं सांगा. सान इग्नासिओचे सुके खजूर घेतले असतील तर तेही सांगा आणि पाकीट हाताशी ठेवा. पासपोर्ट, आय-94 ची छापील प्रत, नोकरीची मंजुरी आणि आई-बाबांचं परतीचं तिकीट एका फाइलमध्ये चालकाच्या शेजारी असू दे. रांग दोन-तीन तासांची असू शकते, म्हणून आदल्या संध्याकाळी मैल्याची टाकी रिकामी करून ठेवा आणि सकाळच्या चहाचा थर्मास पुढे घ्या.